माझ्या वरचं नाव

चतुर दिसायला लागले की मला कळतं, पंधरवडा आला. आमच्या ठाण्याच्या ऑफिसच्या आवारात दोन जुनी चिंचेची झाडं आहेत. भाद्रपदातल्या उन्हात त्यांच्यामध्ये शेकडो चतुर एकाच उंचीवर तरंगत राहतात. पुढे जात नाहीत, खाली उतरत नाहीत. कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखे. पाऊस सरलेला असतो पण गेलेला नसतो, भिंतींना ओल असते आणि उन्हाला धार. दुपारी बारानंतर खिडकीच्या छज्ज्यावर कावळे येऊन बसतात आणि आत बघतात.

या दिवसांत माझ्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी रोजगार सल्लागार आहे. नोकरी शोधणाऱ्यांची नोंद करायची, कुणाला कुठली परीक्षा झेपेल, कुठलं प्रशिक्षण घ्यावं ते सांगायचं, मेळाव्यांना पाठवायचं, हे माझं काम. एरवी जिन्यापर्यंत रांग असते. पितृपक्षात मात्र मुलाखतीचं पत्र हातात असलेला पोरगाही हळूच विचारतो, "मॅडम, पंधरा दिवस पुढची तारीख नाही का मिळणार? घरचे ऐकत नाहीत." मी म्हणते, कंपनी थांबणार नाही. तो मान हलवतो आणि जातो. नवीन काम या दिवसांत सुरू करायचं नसतं. हे दिवस गेलेल्यांचे.

मी मात्र याच दिवसांत रुजू झाले. चार वर्षं झाली त्याला.

त्याआधीचं एक वर्ष मी फक्त वाट बघितली. आमचं घर बाळकुमचं, खाडीकाठच्या जुन्या कोळीवाड्यातलं. आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत आणि मध्ये आमची बैठी घरं. माझी आय कोपरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. दहाव्या वर्षापासून मी तिच्या शेजारी बसले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून भाव सांगायचा, तो पाठ फिरवेल तेव्हा हाक मारायची नाही, तीन पावलं गेल्यावर मारायची, हे मला शाळेच्या आधी आलं. पुढे बाहेरून पदवी घेतली आणि डोंबिवलीत एका प्लेसमेंटवाल्याकडे सात वर्षं काढली. कारखान्यांना, मॉलना माणसं पुरवायची. कंत्राटदारांशी पोरांच्या पगारावरून घासाघीस करताना माझा आवाज खालच्या वडापाववाल्यापर्यंत जायचा. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी ओढून आणलेलं आहे. म्हणूनच ते वर्ष मला अजून टोचतं.

परीक्षा मी पास झाले होते. ठाण्यासाठी एक जागा, निवड यादीत एक नाव, आणि त्याच्याखाली प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं. वरचं नाव हेमंत, मुक्काम खडवली. त्याला नियुक्तीपत्र गेलं होतं. तो रुजू होत नव्हता आणि नाकारतही नव्हता. दर तीन महिन्यांनी त्याचा अर्ज यायचा, प्रकृतीच्या कारणास्तव मुदतवाढ मिळावी. आणि मिळायची.

मी दर सोमवारी या ऑफिसात येऊन त्या बाकावर बसायचे, जिथे आता माझी माणसं बसतात. अधीक्षकसाहेब निवृत्तीला आलेले, मऊ बोलणारे. मऊ बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण होता.

"साहेब, तो माणूस येणार नाहीये. हे तुम्हाला पण कळतंय."

"येणार नाही असं त्याने लिहून दिलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"वाट बघा."

"यादी दसऱ्याला संपते. त्यानंतर मी पुढच्या परीक्षेच्या वयातही बसत नाही. मग कशाची वाट बघू?"

साहेब फाईलची नाडी बांधत म्हणायचे, "ताई, वरचं नाव हललं पाहिजे."

ते नाव मला दिसायला लागलं. भिंतीवर लावलेल्या यादीत मी आधी ते वाचायचे, मग माझं. बाजारात आयच्या शेजारी बसलेली असताना कुणी "हेमंत" अशी हाक मारली की माझी मान वळायची. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा चेहरा मी बनवला होता: सुखवस्तू, आळशी, बापाच्या पैशावर आजारी पडलेला. रागाला चेहरा लागतो. मी रोज त्याला थोडा थोडा रंगवत होते.

शेवटी भाद्रपद आला. दसऱ्याला तीन आठवडे उरले. आणि मी ठरवलं, सौदा जिथे अडलाय तिथेच जाऊन करायचा. ऑफिसातून त्याचा पत्ता काढला, डोंबिवलीतल्या ओळखीच्या टायपिस्टकडून एक कागद टाइप करून घेतला: 'मी स्वखुशीने सदर नियुक्ती नाकारत आहे.' खाली सहीची जागा मोकळी. आणि खडवलीला गेले.

दुपारची वेळ. कल्याण सोडलं की हवा बदलते. भातं पोटरीला आलेली, त्यांचा दुधासारखा गोडसर वास. नदी अजून गढूळ होती. स्टेशनापासूनच्या वाटेवर तेरडा फुललेला आणि त्याच्यावर तेच चतुर. रस्त्यात माणूस नव्हता. घरांची दारं उघडी आणि आतून वडे तळल्याचा वास, पण आवाज कुठलाच नाही. सगळं गाव श्वास धरून जेवायला बसलं असावं तसं.

कौलारू घर, पुढे पडवी. एक उंच, वाळका म्हातारा धोतराला हात पुसत बाहेर आला. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. तो दचकला नाही. "या," म्हणाला. "हेमंत म्हणालाच होता, कुणीतरी येईल."

ते हेमंतचे वडील. त्यांचं आयुष्य एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करण्यात गेलेलं, बायको वारलेली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पडवीतून आतल्या खोलीच्या दाराला निळा पडदा होता. आत पंखा चालू असल्याचा आवाज येत होता.

"बोलवा त्याला," मी म्हटलं.

"बाहेर नाही येत तो. तुम्ही मला सांगा, मी विचारून येतो."

मला वाटलं, खरंच आजारी असेल. किंवा तोंड दाखवायची लाज. मला फरक पडत नव्हता. मी कागद पुढे केला. काका तो घेऊन पडद्याआड गेले. त्यांचा हळू आवाज ऐकू आला, मग शांतता, जेवढी उत्तर ऐकायला लागते तेवढी. मग ते बाहेर आले.

"तो म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबा."

"दिवाळीला यादी कचऱ्यात गेलेली असेल. सांगा त्याला."

ते गेले. आले. "तो विचारतो, तुम्ही कुठल्या?"

"बाळकुमच्या. आणि म्हणावं, पाहुणचार नको, सही पाहिजे. एक वर्ष झालं मी त्याच्या दाराशी बसलेय. त्याला नको असेल तर सोड म्हणावं. कुत्रं पण खात नसेल ते दुसऱ्याला खाऊ देतं."

हे मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, पडद्याला ऐकू जाईल असं. काका आत गेले. या वेळी बराच वेळ लागला. बाजेची करकर ऐकल्यासारखी वाटली. पंख्याचा आवाज एकसारखा चालू होता. माझ्या हातांवर उन्हातही काटा आला, आणि मी तो चिडून चोळून काढला.

"तो म्हणतो, तिथे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांशी नीट बोलाल का?"

"म्हणजे?"

"चार वर्षं त्याने तिथे खेटे घातले. आज या, उद्या या. एकदा नाव लावायला दिवसभर उभा राहिला आणि खिडकी बंद झाली. त्याला तिथेच नोकरी हवी होती ती यासाठी. म्हणतो, कबूल करत असाल तर देतो सही."

सौदा जमत आलेला कुणालाही कळतो. मी लगेच म्हटलं, "कबूल."

काका पेन घेऊन आत गेले आणि सही केलेला कागद घेऊन बाहेर आले. मी तो बघितलासुद्धा नाही. घडी केली, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. मग उठले.

"जेवून जा," ते म्हणाले. "आज इथून कुणी उपाशी जायचं नाही."

मागच्या अंगणात त्यांनी केळीचं पान वाढून ठेवलं होतं. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. आणि पानाच्या कडेला काळ्या कोल्ड्रिंकची छोटी बाटली, झाकण उघडून. पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात, हे मला माहीत होतं. मी इतका वेळ समजून चालले होते की आज त्यांच्या वडिलांचं असेल, आजोबांचं असेल. त्या पिढीतला कुठला माणूस कोल्ड्रिंक प्यायचा?

"काका, हे कुणाचं?"

"हेमंतचं," ते म्हणाले. "गेल्या वर्षी श्रावणात गेला. तीन दिवसांचा ताप."

आत पंखा चालूच होता.

"आणि आत?"

"आत तो असतो," काका म्हणाले, जसं कुणी म्हणावं की आत स्वयंपाकघर आहे. "नियुक्तीचा कागद तेराव्याच्या दिवशी आला. चार वर्षं ज्याने पोस्टमनची वाट बघितली, त्याचा कागद आल्यावर तो नाही म्हणून कसं सांगू? म्हटलं, थोडे दिवस राहू दे त्याच्या नावावर."

मला ओरडायचं होतं. माझं एक वर्ष एका मेलेल्या माणसाच्या मागे रांगेत गेलं होतं, आणि तो रंगवलेला आळशी चेहरा माझ्या डोळ्यांसमोर ओल्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा गळून पडत होता. पण पर्समधला कागद मी बाहेर काढला नाही. हे मी इथे स्पष्ट लिहिते. ती सही कुणाची असणार ते त्या क्षणी मला कळलं, आणि मी चेनवर हात ठेवून उभी राहिले.

कावळे आले होते. कौलांवर सहा-सात. पानाकडे बघायचे आणि मान फिरवायचे. काका हात जोडून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खिरीवर साय धरली. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी राहिलेलं असतं, ते कुणीतरी मोठ्याने बोलून कबूल करावं लागतं, असं आमच्याकडेही मानतात.

"तुम्ही बोला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझं सगळं बोलून झालंय वर्षभरात."

मी काय बोलणार होते? मला वचन सुचलं नाही, गोड शब्द सुचले नाहीत. मला राग आला, आणि तोच तोंडातून बाहेर पडला. "अरे हेमंत," मी ओरडले, अगदी कोपरीच्या बाजारातल्यासारखी, "वर्षभर मला लटकवलंस, आता जेवायला पण मीच विनवू का? बापाने सकाळपासून रांधलंय. गप जेव!"

पहिला कावळा सरळ खाली आला.

काका पहिल्यांदा हसले. "भांडलेलं आवडायचं त्याला," म्हणाले.

मी दोन घास खाल्ले आणि निघाले. रस्त्याने मागे वळून बघितलं नाही. नदीच्या पुलावर वारा नव्हता, तरी वेळूची पानं हलत होती.

घरी मी आयला फक्त एवढंच सांगितलं की वरच्याने नाकारली. ती बोंबील निवडत होती. कागद ऑफिसात दिला, नियुक्तीपत्र दोन दिवसांत हातात पडलं आणि मी तिसऱ्या दिवशी निघाले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"पितरांचे दिसांन कोन नव्या कामाला जातं गो सुवर्णे? आठ दिस थांबलीस तं खुर्ची काय पलून जाते?"

"पळते गं आय. तुला नाही माहीत."

"मंग जा. पन कोनाची हाय ती इचारून बस."

ती सहज बोलली. तिला काहीच माहीत नव्हतं.

ऑफिसात त्या दिवशी अर्धे पंखे बंद होते. साहेब म्हणाले, "पंधरवड्यात रुजू झालेल्या माझ्या नोकरीतल्या तुम्ही पहिल्या." हजेरीपट पुढे सरकवला. त्यात माझ्या जागेसमोर टाइप केलेलं नाव हेमंतचं होतं, वर्षभर तसंच चाललेलं, समोरचे रकाने कोरे. कारकून वैशालीने त्याच्यावर पेनने रेघ मारून बारीक अक्षरात माझं लिहिलं. महिनाभर मी रोज सकाळी त्या रेघेखालच्या नावासमोर सही केली. रेघ पातळ होती. नाव वाचता यायचं.

काम मला अवघड गेलं नाही. सात वर्षं तेच केलं होतं. पण तिथे पोरं माझ्या आवाजाला घाबरायची, आणि इथे मला तो आवाज लावता येत नाही. एखादा तिसऱ्यांदा चुकीची झेरॉक्स घेऊन येतो, माझं डोकं तापतं, "उद्या या" अगदी जिभेवर येतं. आणि मग वाटतं की माझ्या मागे, जिथे फक्त कपाट आहे, तिथे कुणीतरी उत्तर ऐकायला थांबलंय. मी कागद घेते. खिडकीची वेळ संपली तरी घेते. वैशाली म्हणते, "मॅडम, तुम्ही फार चांगल्या आहात हो." मी चांगली नाही. मी फक्त सौद्याला पक्की आहे.

तरी ते वर्ष मी विसरले नाही. माझ्याच परीक्षेतली, माझ्यापेक्षा कमी गुणांची मुलगी कल्याणला वर्षभर आधी रुजू झाली, कारण तिच्या वरचा माणूस पहिल्याच आठवड्यात नाही म्हणाला. या वर्षी ज्येष्ठता यादी लागली आणि ती माझ्या वर. बढती तिची होणार. माझ्या वर पुन्हा एक नाव! मी कल्याणच्या एका वकिलाला गाठलं. नकाराचा कागद तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता, बाकी सगळं ऐकून तो म्हणाला, "सोपं आहे. मुदतवाढ दिली तेव्हा तो माणूस हयात नव्हता, एवढं सिद्ध करा. मृत्यूचा दाखला काढा. जागा तेव्हाच तुमची होती, वर्ष परत मिळेल."

मी पायऱ्या उतरता उतरता थांबले. तो तेव्हा हयात नव्हता हे सिद्ध झालं, तर नकाराच्या कागदावर सही कुणी केली? आणि तो कागद ऑफिसात कुणी आणून दिला? वर्ष मिळवायचं तर नोकरी घालवायची. इतकी वर्षं भाव करण्यात गेली, पण असा सौदा मी बघितला नव्हता, जिथे माझा पुरावाच माझ्या विरुद्ध उभा.

पण हट्ट सुटत नाही. वाटलं, काहीतरी वाट असेल. काकांची सही वेगळी दिसत असेल, तर म्हणता येईल की वडिलांनी परस्पर केली, मला ठाऊक नव्हतं. खोटं, पण चालण्यासारखं. गेल्या आठवड्यात दुपारी ऑफिस रिकामं असताना मी वैशालीकडून ती फाईल मागवली. छज्ज्यावर कावळे होते. मी नाडी सोडली.

आधी मुदतवाढीचे अर्ज. चारही अर्जांवर हेमंतच्या नावाची सही, थरथरती, प्रत्येक अक्षरापाशी अडखळलेली. म्हाताऱ्या हाताची. मला हायसं वाटलं. मग मी मागे जाऊन त्याचा मूळ अर्ज काढला, परीक्षेच्या वेळचा, फोटो लावलेला. बारीक चेहऱ्याचा, कपाळावर केस आलेला पोरगा. मी बनवला होता तसा मुळीच नाही. त्याची सही तिरपी, वेगात केलेली, शेवटची रेघ मागे ओढून खाली दोन टिंबं.

मग मी माझा कागद काढला.

तिरपी सही. मागे ओढलेली रेघ. दोन टिंबं.

खोट्या अनुभवपत्रांवरच्या सह्या ओळखण्यात डोंबिवलीत माझी सात वर्षं गेली. नक्कल करणारा हात सावकाश चालतो, वळणावर शाई साचते. इथे शाई साचलेली नव्हती. ज्याला हे नाव लिहायची सवय आहे त्याने, उभ्या उभ्या, घाईत केलेली सही. मी कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, पालथा करून मागून पाहिला. मूळ अर्जावर ठेवून पाहिला. काकांनी वर्षभर सराव केला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग शेवटच्या मुदतवाढीच्या अर्जाकडे पुन्हा बघितलं. त्याची तारीख मी खडवलीला जायच्या नऊ दिवस आधीची होती. नऊ दिवसांत म्हातारा हात तरुण होत नाही.

भीती वाटली, हो. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं. इतकी वर्षं मी दोन्ही गोष्टी जपल्या होत्या: त्याने माझं वर्ष घेतलं, आणि मी त्याची जागा घेतली. एक तक्रार आणि एक चोरी, आणि दोन्ही तोलून मी उभी होते. त्या कागदावर मात्र कुणी कुणाचं काही घेतलेलं दिसत नव्हतं. तिथे एका माणसाने विचार करून, अट घालून, आपल्या हाताने आपली जागा दिली होती.

वैशाली दारात आली. "मॅडम, वकिलांना द्यायला प्रत हवी होती ना? मारू का झेरॉक्स?"

"नको," मी म्हटलं.

"अहो, मग तुमच्या वर्षाचं काय?"

मी फाईलमधले कागद तारखेप्रमाणे लावले, त्याचा नकार सगळ्यात वर ठेवला. "ते त्याचंच आहे," मी म्हटलं. "राहू दे त्याच्या नावावर."

"कुणाच्या?" वैशालीने विचारलं, आणि का कोण जाणे, आवाज खाली आणून.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. पंधरवड्यातही कुणीतरी आलं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "या, बसा."